पाहुणी लाल होत नाही

२ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचे! सगळं सामान वर चढलं. ताईचं शिलाई मशीन मात्र हमालांनी जिन्याच्या वळणावर असं काही अडकवलं की खालच्या मजल्यावरच्या आजोबांना घरात शिरता येईना. शेवटी ताईनेच वरून सूचना देऊन ते सोडवलं. वजन उचलायची तिला बंदी आहे, तोंड चालवायची नाही.

दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि एक माणूस आडवा उभा राहील एवढी गॅलरी. खिडकीतून हॉस्पिटलची मागची भिंत दिसते. घर घेतलं ते त्यासाठीच. ताईच्या तपासण्या तिथे, माझी नवी नोकरीही तिथेच. माझ्या चालीने सात मिनिटं, ताईच्या चालीने बारा.

मागच्या वर्षी माझं एक मूत्रपिंड ताईला बसवलं. ती त्याला 'पोटभाडेकरू' म्हणते. आज खोक्यांच्या पसाऱ्यात बसून चहा पिताना पोटावर हात ठेवून म्हणाली, "ठमे, तुझ्या पोटभाडेकरूला जागा पसंत पडलीय बरं का. सकाळपासून कुरकुर नाही." आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि ताई एकोणीसची. लोकांचे कपडे शिवून तिने मला वाढवलं, शिकवलं. त्यामुळे मूत्रपिंड दिलं म्हणून कुणी माझं कौतुक करायला लागलं की मला ओशाळल्यासारखं होतं.

दुपारी नोकरीवर हजर होऊन आले. प्रयोगशाळा मागच्या इमारतीत, तळमजल्यावर आहे. पांढऱ्या फरश्या, चार टेबलं, उबेची कपाटं आणि एका कोपऱ्यात काळा पडदा लावलेली मायक्रोस्कोपची खोली. प्रमुख बाई उंच आहेत, केस बारीक कापलेले, बोलतात मोजकं. तिथले जुने तंत्रज्ञ म्हणजे काका. त्यांना सगळेच काका म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठ्या असलेल्या बाईसुद्धा. काकांनी मला एक स्टूल दिलं आणि हळूच सांगितलं की न डुगडुगणारं हे एकच आहे, कुणाला कळू देऊ नकोस. अ‍ॅप्रन एकच मिळाला. दुसरा येईल तेव्हा येईल.

फार दिवसांनी झोपताना उद्याची वाट बघावीशी वाटतेय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

काम हातात बसायला लागलं. ताईला आज समजावून सांगितलं ते इथेही लिहिते, म्हणजे माझं मलाच पक्कं होईल.

रुग्णांच्या रक्तात जे यीस्ट सापडतं ते आमच्याकडे येतं. पाव फुगवणाऱ्या यीस्टचेच हे दूरचे नातलग. एरवी कातडीवर, तोंडात मुकाट पडून असतात. माणसाची ताकद खचली की रक्तात शिरतात. मग कुठलं औषध द्यायचं, हे आम्ही डॉक्टरांना सांगायचं. यीस्टच्या प्रत्येक पेशीभोवती एक तेलकट, पातळ पडदा असतो. तो शाबूत तोवर पेशी जिवंत. बुरशीवरची बरीच औषधं या पडद्यावरच उठतात. काही त्यातलं तेल बनूच देत नाहीत. एक जुनं पिवळं औषध आहे, ते त्या तेलाला चिकटून पडद्याला भोकं पाडतं. मोठं जालीम, पण माणसाची मूत्रपिंडंही भाजून काढतं, म्हणून सगळं संपल्यावरच त्याला हात लावतात.

भोक पडलं का, हे एका रंगावरून कळतं. धड पडद्यातून तो रंग आत जात नाही. पडदा फाटला की घुसतो, आणि खास दिव्याखाली ती पेशी निखाऱ्यासारखी लाल दिसते. लाल दिसली म्हणजे मेली. जिवंत पेशी दिसतच नाहीत. त्यांच्या जागी नुसता काळोख असतो.

ताई तोंडात टाचणी धरून ऐकत होती. टाचणी काढून म्हणाली, "म्हणजे शिवण उसवते की नाही, तेवढं बघता." मला जे शिकायला पाच वर्षं लागली ते तिने एका वाक्यात उरकलं. बाईंना सांगितलं तर त्या पहिल्यांदाच हसल्या.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

गेल्या आठवड्यात अतिदक्षता विभागातून एक नमुना आला. रुग्ण निवृत्त पोस्टमन, दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलातून इथे हलवलेला. यीस्ट वाढवायला खाद्य घातलेली झाकणाची प्लेट असते, तिच्यावर गुलाबीसर ठिपके उगवले, दिसायला तसे गोडच. पण पहिलं औषध घातलं, काही नाही. दुसरं, काही नाही. काल काळ्या पडद्याआड डोळा लावून बसले तर लाल ठिपका एकही नाही. दिवा बिघडला असेल म्हणून काकांना बोलावलं. दिवा ठीक होता. तो सगळा काळोख जिवंत होता.

काका म्हणाले, ही पाहुणी दिसते, बिऱ्हाड करायलाच आलेली. तेच नाव पडलं.

पिवळ्या औषधाने मात्र झाली लाल. तेही नेहमीच्या पाचपट दिल्यावर. बाईंनी आकडा दोनदा तपासला आणि वर कळवायला स्वतः गेल्या.

१६ फेब्रुवारी, सोमवार

पोस्टमन गेले. त्यांची सून कागद घ्यायला आली होती, तिला चुकून आमच्या दारात पाठवलं. मी तिला योग्य खिडकीशी नेऊन सोडलं. ती वाटेत सांगत होती की घरी त्यांनी कधी साधा कागदही दुमडू दिला नाही, सगळं सपाट ठेवायचे.

घरी आल्यावर ताईने माझा चेहरा बघून न विचारताच चहा टाकला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज हातून पडली. पाहुणीची प्लेट. उबेच्या कपाटाच्या दाराच्या खिट्टीत अ‍ॅप्रनची बाही अडकली, मी हिसका दिला, प्लेट सुटली आणि झाकण उघडून बाहीला घासत जमिनीवर. काका धावत आले. दोघांनी मिळून फरशीच्या औषधाने सगळं पुसलं, दोनदा. बाही स्पिरिटने चोळली. ग्लोव्हज बदलले, हात कोपरापर्यंत धुतले.

अपघाताची वेगळी वही आहे. मी ती काढली तर काका म्हणाले, राहू दे, नवीन आहेस, तुझ्या नावापुढे पहिल्याच महिन्यात कशाला? त्यांच्या हातून म्हणे अशा वीस पडल्या असतील. मी वही परत ठेवली.

बाहीची शिवण खांद्याकडे उसवली होती. अ‍ॅप्रन घरी न्यायचे नसतात, धोब्याकडेच टाकायचे असतात, पण तो चार दिवस लावतो आणि माझ्याकडे दुसरा नाही. पिशवीत घालून आणला. ताईने हातोहात शिवून दिला. दोरा दातांनी तोडला तिने, नेहमीसारखा.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

बाईंनी आज सगळ्यांना एकत्र बोलावलं. पाहुणीवर त्यांनी स्वतः चाचण्या लावल्या होत्या. आपलं फरशीचं औषध तिच्यावर चालत नाही. कोरड्या टेबलावर, कापडावर ती आठवडेच्या आठवडे तग धरते. धडधाकट माणसाच्या कातडीवर बसते आणि त्याला पत्ताही लागू देत नाही. आजपासून फक्त ब्लीच.

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही नाही.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर कापसाची काडी स्वतःच्या तळहातावर फिरवली. मनगटावर. काखेत. कानामागे. चार प्लेट्स. वर नाव न घालता फुलीची खूण केली.

काही नसेल. उगाच घाबरतेय.

२ मार्च, सोमवार

चारही प्लेट्सवर गुलाबी ठिपके.

औषध घातलं, रंग घातला, पडद्याआड बसले. काळोख. किती वेळ बसले कुणास ठाऊक. डोळ्यांना सवय झाली की लाल दिसेल, असं काहीतरी मनात होतं.

मला ताप नाही, खोकला नाही, खाज नाही. भूकही लागते. माझ्या अंगावर ती घर करून आहे, मला काही करत नाही.

ताई रोज अठरा गोळ्या घेते. माझं मूत्रपिंड तिच्या शरीराने परकं समजून हाकलून देऊ नये म्हणून तिची रोगाशी लढायची ताकदच त्या गोळ्या दाबून ठेवतात. मी ते ठाऊक असून घरी येताना रोज तिच्या गालाला हात लावते.

४ मार्च, बुधवार

काल ताई तपासणीला गेलेली असताना घरातले चौदा नमुने घेतले. आज प्लेट्स पाहिल्या. चौदापैकी अकरा.

नळ. दिव्याचं बटण. किटलीचा कान. कात्री. माझी उशी. ताईची उशी. ताईच्या चष्म्याची काडी. मशीनचं चाक.

मशीनच्या चाकाची प्लेट सर्वात दाट. अ‍ॅप्रन तिथेच शिवला होता.

घर ब्लीचने धुतलं. ताई म्हणाली, हे काय, पोहण्याच्या तलावात राहायला आलो का आपण? मी म्हटलं, मुंग्या झाल्यात. मला सर्दी झालीय असंही सांगितलं आणि अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं. ती म्हणाली, "एवढीशी होतीस तेव्हा तर नाक माझ्याच पदराला पुसायचीस, आता काय झालं?"

हसले. आत जाऊन नळ सोडला आणि रडले.

५ मार्च, गुरुवार

नेहमीची तपासणी म्हणून ताईच्या हाताची, काखेची काडी घेतली. तिने मुकाट घेऊ दिली. माझ्या हातात ग्लोव्हज बघून एवढंच म्हणाली की घरातसुद्धा साहेबीण झालीस.

ताईच्या डॉक्टरांना सांगायला हवं. आज सांगणार होते. त्यांच्या दारापर्यंत गेले. सांगितलं की विचारतील कुठून आली. मग वही. मग नोकरी. मग ताईला कळेल.

उद्या प्लेट बघून सांगते. कदाचित तिच्यावर नसेलच.

७ मार्च, शनिवार

आहे.

तरी आज सांगितलं नाही. सोमवारी मोठे डॉक्टर येतात, त्यांनाच सांगू म्हटलं. हे लिहितानाही कळतंय मला, मी काय करतेय ते.

८ मार्च, रविवार

सकाळी ताई उठली नाही. कपाळ तव्यासारखं. थरथरत होती आणि तरी म्हणत होती, आधी खिडकीतले कपडे काढ, ओले आहेत.

भरती केलं. डॉक्टरांना तिथेच, जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं की तिच्या अंगावर पाहुणी आहे. कुठून, ते नाही सांगितलं.

११ मार्च, बुधवार

ताईच्या रक्ताचा नमुना खाली आला. नाव होतं त्यावर. बाई म्हणाल्या, तू बघू नकोस, मी बघते. मी म्हटलं, मीच बघणार.

गुलाबी.

मग बाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. प्लेट, बाही, पिशवी, शिवण. घरातले अकरा. ते दोन दिवस, डॉक्टरांच्या दारातून परत आले ते. बोलत असताना काका दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, वही मी परत ठेवायला लावली. नाव माझं लिहा. बाईंनी त्यांना बसवलं.

मला वाटलं ओरडतील. त्यांनी अपघाताची वही काढून स्वतः नोंद केली. मग म्हणाल्या, तुला आता आत येता येणार नाही. तुझ्या बहिणीच्या चाचण्या मी करीन, एकही दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही. आणि तू वर जा, तिच्याजवळ बस.

माझं स्टूल तसंच होतं टेबलाशी.

१३ मार्च, शुक्रवार

पहिलं औषध नाही. दुसरं नाही. तिसरंही नाही. पिवळ्याने लाल होते, पाचपट दिल्यावर.

मूत्रपिंडाचे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, एवढ्या मात्रेत नवं मूत्रपिंड टिकणार नाही. न द्यावं तर ती टिकणार नाही. सही तुम्हालाच करावी लागेल, जवळचं माणूस तुम्हीच.

केली.

माझंच होतं ते. देतानाही माझीच सही होती.

१४ मार्च, शनिवार

ताईला सांगितलं. तिला माझ्याकडून कळायला हवं होतं. गाऊन, मास्क, दोन दोन ग्लोव्हज, माझे नुसते डोळे दिसत होते तिला. सगळं सांगितलं, ते दोन दिवसही.

तिने विचारलं, "मला सांगितलं का नाहीस ठमे? मी काय तुला खाल्लं असतं?"

म्हटलं, घाबरले.

तिने तोंड भिंतीकडे केलं. संध्याकाळपर्यंत तशीच. नर्सशी बोलली. माझ्याशी नाही.

१६ मार्च, सोमवार

लघवी थांबली. पोटभाडेकरू गेला.

यंत्रावर घेतलंय तिला. रक्त बाहेर येतं, धुतलं जातं, परत आत जातं. नळी गरम असते. बाहेरून हात लावला की कळतं.

बोलत नाही अजून. डोळे उघडे असतात. छताकडे बघते.

१७ मार्च, मंगळवार

बाई वर आल्या. काचेबाहेरून हाताने खुणावलं, बाहेर ये. नवा नमुना तपासला. आता पाचपटीलाही लाल थोड्याच होतात. अर्ध्याही नाहीत. शिकतेय ती —

बाईंच्या डोळ्यांखाली काळं. चार दिवस घरी गेल्या नाहीत असं काका म्हणाले. दोन औषधं एकत्र लावून बघतायत. जोड्या पुष्कळ आहेत.

डोळे मिटले की तो काळोख दिसतो. लाल शोधते मी. मिटल्या डोळ्यांनीही शोधते —

१८ मार्च, बुधवार

नर्स हळू आवाजात दुसरीला सांगत होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या काडीवरही आली. आणि त्या खाटेला मी — परवा त्यांची उशी सरळ केली होती. ग्लोव्हज होते. होते ना? दोन होते —

आता कशालाच हात लावत नाही. हात मांडीवर ठेवून बसते. दार पायाने ढकलते. पेन तेवढं धरते.

ताई झोपेत मोजते. टाके मोजते बहुतेक. बावीस, तेवीस —

१९ मार्च, गुरुवार

दुपारचे तीन. बाईंनी सकाळी निरोप पाठवला, एका जोडीने लाल दिसल्यात, पुष्कळ दिसल्यात, खात्री करायला उद्या सकाळपर्यंत थांबावं लागेल. डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, उद्या सकाळ — खांद्यावर हात ठेवला माझ्या. ठेवू नका म्हटलं.

रक्तदाब खाली येतोय. आकडा बघत नाही मी.

ताईने डोळे उघडलेत. माझ्याकडे बघतेय. छताकडे नाही —

बोलली. पाच दिवसांनी. विचारते, काय लिहितेस. म्हटलं, तुझंच. म्हणाली, अक्षर नीट काढ.

श्वास लागतोय तिला. थांबून थांबून बोलते. म्हणते, ते रबर काढ आणि हात दे.

नको ताई. माझ्या हातावर ती —

"आता काय व्हायचं राहिलंय? किती दिवस झाले, तुझा हात नाही लागला. दे गं."

नर्सकडे बघितलं. तिने तोंड फिरवलं.

काढलेत. दोन्ही. हात पांढरे पडलेत, सुरकुतलेत घामाने. तिची बोटं चादरीवरून येतायत इकडे — डावा पुढे केला तर नाही म्हणते, उजवा दे, लिहितेस तो —